त्या दिवशी बोललं ते कोण

बाबा,

घरात तुला मी तूच म्हणत आले, पण मराठीत लिहायला बसलं की हात आपोआप 'तुम्ही' लिहितो. शाळेतल्या निबंधातले 'माझे वडील' होते ते तुम्ही, आणि जेवताना माझ्या ताटातलं माशाचं काटेरी शेपूट उचलून तिथे स्वतःचा मधला तुकडा ठेवणारा तो तू. सकाळपासून दोन पानं 'तुम्ही' घालून लिहिली आणि फाडून टाकली. त्या पानांवरचा माणूस इतका थोर निघत होता की त्याला काही सांगावंसंच वाटेना. म्हणून तू. तुला जाऊन पंचवीस वर्षांवर झाली, आता मानपानाचं काय घेऊन बसायचं.

तू मला आयुष्यात एकच प्रश्न असा विचारलास, ज्याचं उत्तर माझ्याशिवाय कोणाकडे नव्हतं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. मी खोटं उत्तर दिलं. ते खोटं आहे हे तुला कळलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. तू ते उत्तर घेऊन पुढे बारा वर्षं जगलास आणि गेलास. आज मी तुझ्या त्या वेळच्या वयाहून मोठी आहे, कॉलेजात मुलांना तत्त्वज्ञान शिकवते, 'मी म्हणजे कोण' यावर तासन्‌तास बोलते, आणि घरी आल्यावर पायावर पाणी घेताना तुझा प्रश्न जसाच्या तसा समोर उभा राहतो. आज त्याचं खरं उत्तर लिहिणार आहे. लिहून होईल की नाही सांगता येत नाही, कारण याआधीही बसले होते आणि उठले होते.

आधी तुझ्याबद्दल सांगते. तुलाच तुझ्याबद्दल काय सांगायचं, असं वाटेल. पण तुझ्यातला एक भाग तू कधी पाहिलाच नाहीस, तो आम्ही सगळ्या गावाने पाहिला. पार्से गावाच्या पलीकडे आपलं गाव, गावात आरोग्य केंद्र, आणि केंद्रात तू ड्रेसर. जखम धुवायची, पट्टी बांधायची, पू काढायचा. लोक डॉक्टरपेक्षा तुझ्या हाताला जास्त मानत. तुझ्या शर्टाला कायम डेटॉलचा वास. आई म्हणायची, पावसात कपडे वाळले नाहीत तरी तुझे कपडे वास मारत नाहीत, तेवढाच सरकारी नोकरीचा फायदा. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस तू असा. आणि फाल्गुनात, शिगम्यातल्या एका दिवशी, तिसऱ्या प्रहरी, देवळाच्या चौकात तुझ्या अंगावर गावच्या देवाचा अवसर यायचा. आजोबांच्या अंगावर यायचा, त्यांच्यानंतर तुझ्या. ढोल वाजायला लागला की तुझी मान आधी डावीकडे कलायची, मग खांदे थरथरायचे, आणि मग जो आवाज यायचा तो जाड, अडखळत, मधे मधे मोठा श्वास घेणारा. लोक पुढे येऊन विचारायचे, लग्नाचं, जमिनीचं, आजाराचं. देव उत्तर द्यायचा. अवसर उतरला की तू तिथेच बसायचास, कोणीतरी शहाळं तोंडाला लावायचं, आणि तू दमलेल्या आवाजात विचारायचास, "जालें?" सगळे म्हणायचे, "जालें." त्यापुढे तू कधी काही विचारलं नाहीस.

विचारायचं नाही असाच नियम होता. अवसरात निघालेलं उतर, म्हणजे देवाचा शब्द, अवसर येणाऱ्याच्या कानावर घालायचं नाही, त्याच्या घरात न्यायचं नाही. का, ते आजोबांनी मला सांगितलं होतं. माणसाला देवाचं उतर कळलं की तो ते आपलंच समजायला लागतो, आणि मग पुढच्या वर्षी देवाला उभं राहायला जागा उरत नाही. मला वाटतं, अहंकाराबद्दल याहून नेमकं मी पुढे पुस्तकांतही फार वाचलं नाही. या नियमाला गाव इतकं सरावलं होतं की लहान पोरंही तुझ्यासमोर आली की गप्प व्हायची. आई तर त्या वेळी देवळात थांबतच नसे. नकळत तोंडातून काही जाऊ नये म्हणून घरी निघून यायची आणि तांदूळ निवडत बसायची. मी मात्र थांबायचे.

त्या वर्षी सगळीकडे मराठी की कोंकणी असा भाषेचा वाद पेटला होता. भिंतींवर घोषणा, एकाच घरात दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले, आणि घटकराज्य होणार अशा गोष्टी रोज. आपल्या गावात त्याला एक वेगळंच वळण लागलं. मराठी शाळेचे मास्तर म्हणू लागले की अवसरात देव मराठी बोलतो, ऐका नीट, 'लेकरा' म्हणतो. दुकानदार म्हणायचा, "मास्तर, तुमच्या कानांत मळ भरला. देव कोंकणीच उलयता, 'लेकरा' आमीय म्हणटात." दोघांनी हा वाद तुझ्याच समोर, केंद्राच्या पडवीत घातला. तू कोणाच्या तरी गुडघ्याला पट्टी गुंडाळत होतास. मास्तरांनी शेवटी तुलाच विचारलं, "तुम्हीच सांगा, कुठली भाषा?" तू मान वर न करता म्हणालास, "मी कधी आयकूंकच ना न्ही." आपण स्वतः कधी ऐकलंच नाही, या उत्तरावर सगळे हसले. मीही हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं हे समजायला मला फार दिवस लागले नाहीत.

शिगम्याच्या त्या दिवशी तुझा उपास होता, तरी सकाळची ड्यूटी होती. तू म्हणालेलास की केंद्रातून परस्पर देवळात जाईन, धुतलेलं पंचं आणून दे. मी ते घेऊन आले तेव्हा पडवीत मळ्यावरची वयनी बसलेली. आपल्या घराच्या मागच्या मळ्यात राहायची, काजू सोलायच्या कामाला जायची, काजूच्या दिकाने, म्हणजे चिकाने, काळी पडलेली तिची बोटं. तिच्या मांडीवर तिची धाकटी, सहा-सात वर्षांची. पिसाळल्यासारखं दिसणारं कुत्रं पोटरीला चावलं होतं. तू जखम साबणाने इतका वेळ धूत होतास की पोर रडून रडून थकली. मग तू वयनीला म्हणालास, "आयज सांजे मेरेन म्हापशां व्हर तिका. पोटांत चवदा इंजेक्शनां घेवचीं पडटलीं. फाल्यां म्हूण रावूं नाका." चौदा म्हटल्यावर वयनीचा चेहरा पडला. आज संध्याकाळपर्यंत न्यायचं, उद्यावर टाकायचं नाही, हे तू परत एकदा, जरा आवाज चढवून सांगितलंस. तेवढ्यात डॉक्टर आतून आले. शहरातले, नवीन, तरुण. सगळ्या पडवीसमोर तुला म्हणाले, "म्हापशाच्या मोठ्या इस्पितळात न्यायलाच हवं. पण ते मी सांगणार. तू सांगणारा कोण?" तू हातातला बोळा ट्रेमध्ये ठेवलास आणि म्हणालास, "चुकलें, डॉक्टर." तुझे कान लाल झाले होते. मी जनेलाच्या गजांशी उभी होते, पंचं छातीशी धरून, आणि मला त्या डॉक्टरचा इतका राग आला की त्या पोरीच्या पायाकडे मी पुन्हा बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी मग वयनीला तेच सांगितलं, जे तू सांगितलं होतंस. चिठ्ठी लिहून दिली. तू पट्टी बांधलीस, आणि वेळ झाली म्हणून आपण देवळाकडे निघालो.

अवसर आला. नेहमीसारखा, मान डावीकडे, खांदे, तो जाड आवाज. दोघा-तिघांचं विचारून झालं. मग वयनी पुढे आली, पोर कडेवर, पोटरीला तू बांधलेली पांढरी पट्टी. तिने पदर पसरला आणि विचारलं, "देवा, माज्या चेडवाक सुणें चाबलां. म्हापशां व्हरूंक सांगतात. व्हरूं?" अंगावर अवसर घेतलेला तू थोडा वेळ नुसता हलत राहिलास. आणि मग विचारलंस, "कोण सांगता?" तिने खाली मान घातली. काय सांगणार ती? तूच सांगितलं होतंस. मग उतर आलं, "हांव राखणदार हांगा उबो आसां न्ही? सात दीस शीम हुपूं नाका. माजो अंगारो लाय." सात दिवस गावाची हद्द ओलांडायची नाही. तिने अंगारा पोरीच्या कपाळाला लावला, पट्टीवर टाकला, आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की मला वाटलं, झालं, सुटली बिचारी चौदा सुयांमधून. अवसर उतरल्यावर तू विचारलंस, "जालें?" आम्ही सगळे म्हणालो, "जालें." मीही म्हणाले.

आता पुढचे चाळीस दिवस. ते मला दिवसागणिक आठवतात असं म्हटलं तर खोटं होईल, पण त्यातले काही असे आठवतात की आता या क्षणी मी तिथे आहे. शिगमा उलटल्यावर दोन दिवसांनी आपण दोघं वाटेने येतो आहोत आणि समोरून वयनी येते, डोक्यावर काजूची पाटी. तू थांबतोस. "वयनी, म्हापशां वचून आयलीं मगो?" ती म्हणते, "व्हय भाऊ." खोटं बोलताना ती तुझ्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. तुझ्याच तोंडाने नको म्हटलंय हे ती तुला सांगू शकत नाही. मी सांगू शकत नाही. तू मान हलवतोस, "चुकोवं नाका हां, चवदाय घेवंक जाय," आणि आपण पुढे जातो. घरी रात्री जेवताना तू आईला विचारतोस, ती पोर जाते ना रोज. आई आमटी वाढता वाढता म्हणते, "वतात जावंक जाय." जात असतील, एवढंच. नंतर स्वयंपाकघरात मी आईला म्हटलं, सांगूया का बाबांना. तिने हातातली पळी खाली ठेवली. "तोंड बंद दवर हां. तें उतर आमच्या घरांत येवंक फावना." तिचा आवाज मोठा नव्हता. घाबरलेला होता. सात दिवस संपले तेव्हा पोरीची जखम सुकत आली होती. केंद्रात पट्टी सोडवून घ्यायला आणली तेव्हा तूच म्हणालास, छान भरली. गाव म्हणालं, बघा, देवानं राखलं. वयनीने देवाला केळ्यांचा घड वाहिला. मला अजून हे लिहवत नाही, पण लिहायला हवं: त्या दिवसानंतरही वेळ होता. नंतर पुस्तकात वाचून मला कळलं की वेळ होता. तुला तेव्हाच कळलं असतं. कोणी सांगितलं असतं तर.

ती पोर आपल्या अंगणात खेळायला यायची. चिंचेखाली काजूच्या बिया मांडून माझ्याशी डाव खेळायची आणि हरली की बी तोंडात टाकायची, म्हणजे मी घेऊ नये. वैशाखात एके सकाळी वयनी तिला घेऊन केंद्रात आली तेव्हा मी तुझा डबा घेऊन आले होते. पोरीला ताप, आणि जनेलातून वारा आला तरी दचकत होती. तू पेल्यात पाणी दिलंस. पेला ओठांशी नेल्याबरोबर तिचा गळा असा आवळला की पेला खाली पडला. तू तो उचलला नाहीस. मग वयनीला विचारलंस, "कितलीं घेतलीं इंजेक्शनां?"

"एकूय ना."

"एकूय ना? कित्याक?"

तिने पोरीचं तोंड पदराने पुसलं. पडवीतले सगळे जमिनीकडे बघत होते. डॉक्टरांनी जीप बोलावली, तू पोरीला उचललंस, आणि जीपच्या दाराशी वयनी तुझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. तुझ्या अंगावर गणवेश, खिशात कात्री. ती म्हणाली, "देवा, आतां शीम हुपूं?"

तुझा चेहरा मी बघितला. तो वर्णन करायला मला अजून येत नाही. तू म्हणालास, "हुप," आणि तिच्याबरोबर जीपमध्ये चढलास. तिसऱ्या दिवशी एकटा परत आलास. वयनी तिथून रिकाम्या हातांनी परस्पर माहेरी गेली.

आल्यावर तू आंघोळ केलीस, चहा घेतला नाहीस, आणि मला मागच्या दारी बोलावलंस. आई विहिरीवर होती. तू कट्ट्यावर बसलास आणि आजोबांचा नियम मोडलास. "त्या दिसा कितें उतर आयलें तें माका कळ्ळें. तें विचारिना. तूं म्हऱ्यांत आशिल्लें. तुका माजो आवाज खबर आसा. तो आवाज देवाचो आशिल्लो काय माजो?" मी तुझ्याकडे बघितलं. देवाचा की माझा, हे तू इतक्या शांतपणे विचारत होतास की कोणाला वाटलं असतं, दुकानातून काय काय आणायचं ते विचारतोय. मी म्हणाले, "माका खबर ना. हांव थंय नासलें. उदक पियेवंक घरा गेल्लें." मी तिथे नव्हतेच, हे ऐकून तू "बरें" म्हणालास. आणि उठून गाईला गवत घातलंस.

देवळाचे महाजन समजूत घालायला आले होते, ते मला आठवतं. वयस्कर, भला माणूस. तू पडवीत बसला होतास. ते म्हणाले, "तूं कित्याक दुख्ख करता? तूं थंय नासलोच. उलयलो तो देव." तू विचारलंस, "देव उलयलो जाल्यार दुख्ख कोणें करचें? देव करता?" त्यांनी पोफळीच्या कुळागरातली दोन पपनसं आणली होती, ती ठेवून गेले. घटकराज्य झालं त्या दिवशी केंद्रात पेढे वाटले, झेंडा लावला. तू पेढा घरी आणून फडताळात ठेवलास, आणि तो मुंग्यांनी खाल्ला. पुढच्या शिगम्याला ढोल वाजू लागले तेव्हा तू चौकात उभा राहिलास, कारण उभं राहणं तुझ्या हातात होतं. पण अवसर आला नाही. लोक वाट बघत राहिले. ढोलवाल्यांचे हात दुखायला लागले. तू नुसता उभा, घामाने भिजलेला, गावासमोर एकटा. त्यानंतर कधीच आला नाही. लोक म्हणाले, घराण्यातून गेला. आई तुझ्याकडे असं बघायची की घरात कोणी मेलंय आणि सुतक कधी फिटेल ते ठरलेलं नाही.

मी तत्त्वज्ञान घेतलं तेव्हा तू नाराज झाला नाहीस, याचं मला तेव्हाही नवल वाटलं. तुला मी नर्स व्हायला हवं होतं. पण तू केंद्रातून एक कोरं जाड रजिस्टर आणलंस, जुनं, शिक्का मारलेलं, प्रत्येक पानावर चार रकाने: नाव, वय, तक्रार, उपचार. म्हणालास, यात लिही, कागद चांगला आहे. तीन वर्षांच्या माझ्या टिपण्या त्या रकान्यांत आहेत. आत्मा साक्षी आहे, तो करत नाही, भोगत नाही, फक्त बघतो, हे मी 'तक्रार' या रकान्यात लिहिलंय. हे शिकले तेव्हा मला वाटलं, सापडलं. तुला सांगावं, बाबा, तू बघणारा होतास, बोलणारा दुसराच कोणी. पण मग लगेच लक्षात आलं की त्या दिवशी तू बघतही नव्हतास. साक्षीसुद्धा तिथे नव्हता. साक्षी मी होते. मग दुसरं एक मत शिकले, की मी असा कोणी नाहीच, क्षणाला क्षण लागून जो प्रवाह जातो त्याला आपण नाव ठेवतो. त्या हिशोबाने शिगम्यात बोलणारा तिथल्या तिथे संपला आणि जीपमध्ये चढणारा वेगळा. परीक्षेत मला या उत्तराला चांगले गुण मिळाले. जीपच्या दाराशी जोडलेले हात मात्र प्रवाहाला नव्हते जोडले, ते तुला जोडले होते. तिसरं मत म्हणतं, ज्याला जे आठवतं तो तेवढाच. तुला काही आठवत नव्हतं, म्हणून ते करणारा तू नव्हेस. हे मत वर्गात शिकवताना माझा आवाज अजून कोरडा होतो. आठवत होतं ते वयनीला आणि मला. म्हणजे तुझ्यातला तेवढा तू आम्हा दोघींकडे ठेवलेला होता आणि आम्ही तो तुला परत दिला नाही.

मुलं विचारतात, मॅडम, झोपेत चालणाऱ्या माणसाने कोणाला ढकललं तर दोष कोणाचा. मी त्यांना दोन्ही बाजू समजावून सांगते. एकदा एक मुलगी, बार्देशातली, हट्टी, म्हणाली, "पण मॅडम, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "तास संपला." संपला नव्हता. सगळ्या वर्गाला माहीत होतं की संपला नव्हता.

शेवटच्या आजारात तू इस्पितळात नऊ दिवस होतास. दुपारी मी तुझ्याजवळ बसायचे. फुप्फुसात पाणी, बोलताना धाप. मला वाटायचं, आता विचारेल. विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं की नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. तू विचारलं नाहीस. तू फक्त परिचारिकेला सांगत राहिलास की शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची पट्टी नीट बांधलेली नाही, सैल आहे. शेवटी तिने ती तुला दाखवून परत बांधली. तू मान हलवलीस.

तर उत्तर. बाबा, आवाज दोन होते. 'सात दीस शीम हुपूं नाका' हे त्या जाड आवाजात आलं, अडखळत, मोठा श्वास घेत, जसं दर वर्षी यायचं. ते कोण होतं, मला माहीत नाही. देव असेल. माझी त्याला ना नाही. पण त्याआधीचं 'कोण सांगता?' हे तुझ्या आवाजात होतं. घरातल्या. त्यात श्वास नव्हता, अडखळणं नव्हतं. सकाळी पडवीत जे तू गिळलंस तेच दुपारी बाहेर आलं, आणि ते मी ओळखलं, कारण सकाळीही मी तिथेच होते. एक वाक्य तू आणि एक वाक्य तो, मधे शिवण कुठे होती ते मला ऐकू आलं. सदतीस-अडतीस वर्षांनंतर मी शपथेवर सांगेन का? नाही सांगणार. वर्गात मी शिकवते की आठवण दर वेळी नव्याने घडते. पण तू मला विचारलंस तेव्हा ती तीनच दिवसांच्या रडण्याखाली होती, ताजी होती, आणि तेव्हा मला शंका नव्हती. तू होतास. थोडा तू होतास. तुला हेच हवं होतं, असं मला आता वाटतं. दुःख कोणी करायचं ते तुला ठरवता आलं असतं. मी ते ठरवू दिलं नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगितलं की तुला वाचवायला खोटं बोलले. चौदा वर्षांची पोर, बापावरची माया, वगैरे. ते खरं नाही. मी देवळात होते असं म्हटलं असतं तर तुझा पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग चाळीस दिवस तू मला का सांगितलं नाहीस? आणि त्याला नियमाचं उत्तर पुरलं नसतं, कारण नियम आईसाठी होता, वयनीसाठी होता. माझ्यासाठी नव्हता. मला भीती नव्हती वाटत. खरं सांगू? शिगम्यात चौकात पहिल्या रांगेत मला उभं करायचे. बायका नारळाचा पहिला तुकडा माझ्या हातात ठेवायच्या. वर्गात बाई माझ्यावर हात उचलत नसत, पोरी माझ्या शेजारी बसायला भांडत. तुला कळलं की तू चुकलास, तर तू पुन्हा कधी उभा राहणार नाहीस, हे मला स्पष्ट दिसत होतं. चिंचेखाली ती पोर माझ्यासमोर काजूच्या बिया मांडायची, मी तिच्या पोटरीवरचा व्रण बघायचे, आणि ठरवायचे, आज नको. मला देवाची मुलगी राहायचं होतं. एवढंच होतं ते.

हे कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे खाली सही करत नाही. तुझ्या अंगावर त्या दिवशी कोण आलं होतं, याचं उत्तर मी अर्धं देऊ शकले. माझं उत्तर पूर्ण आहे. ते चाळीस दिवस माझ्या अंगावर कोणी आलेलं नव्हतं, बाबा. मीच होते.